छपराचं पाणी

४ मार्च, रात्री साडेबारा

झोप येत नाही तर निदान लिहावं. निवृत्त होऊन चार महिने झाले, पण शरीर अजून पुलावरच आहे. पहाटे पाचला जागं होतं आणि रात्री वारा सुटला की हात दोर शोधतो. एकतीस वर्षं पूल रंगवले. एका टोकापासून रंगवत निघायचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गंजलेलं असायचं, की पुन्हा पहिल्यापासून. लोक विचारतात, कंटाळा नाही आला? अहो, कंटाळायला सवड कुठे होती!

आज लेकीचा फोन आला. बंदरावर क्रेन चालवायची नोकरी तिला मिळाली. पहिले सहा महिने रात्रपाळ्या, राहायचं तिथल्याच वसतिगृहात, आणि तिथे मुलांना मनाई. "बाबा, भिंगरीला तुमच्याकडे ठेवू का?" म्हणाली. भिंगरी म्हणजे तिची सहा वर्षांची पोरगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मीच ते नाव पाडलं. तिचा बाप तीन वर्षांपूर्वी जो गेला तो गेला, त्याचं नाव काढायचं नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.

मी हो म्हणायच्या आधीच लेकीने अट घातली. "ऑगस्टअखेर बघू. तिला तुमच्याकडे मानवलं तर तिथेच राहू दे. नाहीतर तिची आत्या तयार आहे."

आत्या! आत्या राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. तिकडे गेली की वर्षातून एकदा दिसणार. ही, भिंगरीची आजी, जाऊन दोन वर्षं झाली, या घरात माझ्याशिवाय खोकणारंसुद्धा कोणी नाही. भिंगरीला इथे मानवलंच पाहिजे. मी मानववून दाखवीन.

९ मार्च, रात्री एक

ग्रंथालयाने जुनी पुस्तकं दारात मांडून ठेवली होती, हवं ते न्या म्हणून. मी एक उचललं. मुखपृष्ठावर पाण्याच्या पिंपाचं चित्र होतं आणि पिंपाला रंग इतका वाईट दिला होता की बघवेना. घरी येऊन चाळलं आणि अडकलो. चार रात्री झाल्या, स्वयंपाकघरातला एक दिवा लावून बसतो, पेन्सिल घेऊन. जिथे पटत नाही तिथे समासात लिहितो, "काहीतरीच!" जिथे पटतं तिथे काहीच लिहीत नाही. आज सहा पानांवर काहीच लिहिलं नाही.

पुस्तक लिहिणारे गृहस्थ म्हणतात, पृथ्वीवर टाकून देण्याजोगं काही नसतं. आपण ज्याला टाकणं म्हणतो ते फक्त नजरेआड करणं. आणि म्हणतात, आपल्याच छपरावर पडलेलं पाणी आपण गटारात सोडतो आणि मग नळाच्या पाण्याला नावं ठेवतो. हे अगदी खरं. आमच्या नळाच्या पाण्याला औषधाचा असा वास येतो की चहासुद्धा बिघडतो. ते पाणी त्या पोरीला पाजायचं का?

नाही पाजायचं. ठरलं.

१६ मार्च

मागच्या खोलीचे पत्रे गंजून गेले होते. हार्डवेअरवाला म्हणाला, नवे टाका. नवे टाका! ह्याच्या बापाचं काय जातं? तारेच्या ब्रशने तीन दिवस घासले आणि लाल अस्तराचे दोन हात मारले. माळ्यावर त्याचे अकरा डबे होते. खात्याने नवा नियम काढला होता, हे अस्तर आता वापरायचं नाही, सगळे डबे पुरून टाका. असलं पहिल्या प्रतीचं अस्तर मातीत घालायचं? मी आणि माझ्या जोडीचा रंगारी लंबू, आम्ही डबे हातगाडीवर घालून घरी आणले होते. तेव्हा ही किती बडबडली होती. आज असती तर म्हणाली असती, ठेवलं ते कामाला आलं.

त्या अस्तराला तोड नाही. वर दुसरा रंग द्यायचा असतो, पण तो माझ्याकडे नाही, आणि नुसतं अस्तरही वीस वर्षं गंजू देत नाही. पुलावर अस्तराचा दिवस म्हणजे आमची चैन. त्या दिवशी सकाळी प्रत्येकाला अर्धा लिटर दूध, साहेबासमोर उभं राहून प्यायचं. एकतीस वर्षांत खात्याने आमचा लाड केला तो तेवढाच.

पत्र्याला पन्हळ लावली, पन्हळीला नळी, नळीखाली दोनशे लिटरचं पिंप. मध्ये कोळसा, वाळू आणि खडीची गाळणी, पुस्तकात आहे तशीच. शेजारीण भिंतीवरून बघून म्हणाली, "काका, तुमचं छप्पर एकदम नवरीसारखं दिसतंय." म्हटलं, बघून घ्या.

२५ मार्च, रात्री बारा

भिंगरी आली. लेक तिला सोडून तासाभरात परत गेली, डोळे पुसत. पोरगी मात्र रडली नाही. घरभर फिरून झाल्यावर म्हणाली, "आजोबा, तुझा टीव्ही कुठाय?" म्हटलं, नाही. "मग बिस्किटं?" म्हटलं, तीही नाहीत. कमरेवर हात ठेवून बघतच राहिली माझ्याकडे.

संध्याकाळी धो धो अवकाळी पाऊस झाला. दोघं मागच्या दारात उभं राहून पिंपात पाणी पडताना ऐकत होतो. पेला भरून तिला दिला. "गोड आहे," म्हणाली. मी पण प्यालो. खरंच थोडं गोडसर लागतं. नळाच्या पाण्याची सवय झालेल्या जिभेला खरं पाणी असंच लागणार.

तिला एकच नियम सांगितला. या घरात नळाचं पाणी प्यायचं नाही. शाळेची बाटलीसुद्धा पिंपातूनच भरायची. तिने हात वर करून शपथ घेतली. सैनिक झाली म्हणे ती पिंपाची.

आजपासून रोज लिहीन, कोण किती प्यालं. पुस्तकवाले म्हणतात, मोजल्याशिवाय सवय लागत नाही. भिंगरी दोन पेले, मी तीन.

६ एप्रिल, रात्री दीड

भिंगरी चार पेले, मी सहा.

काय मजेत चाललंय! खताच्या खड्ड्यातल्या गांडुळांना ती नावं ठेवते, म्हणजे नावं देते, आणि मग कोणतं कोणतं ते तिलाच ओळखता येत नाही. काल पुस्तकातलं एक पान तिला वाचून दाखवलं. जंगलात पडलेलं झाड मेल्यावरही शंभर वर्षं कामात असतं, असं त्यात आहे. ती म्हणाली, "मग आजी पण कामात आहे का?" मी दिवा बारीक केला आणि म्हटलं, झोप आता.

ती झोपल्यावर वाचत बसलो. नदीवरचं प्रकरण आहे. एकतीस वर्षं मी नदीच्या वर पाळण्यात लोंबकळत जुना रंग खरवडला. खरवडलेलं सगळं खाली पडायचं, लाल पापुद्रे, टोपल्याच्या टोपल्या. खाली काय आहे याचा कधी विचार केला नाही. नदी वाहून नेते, एवढंच डोक्यात. आज पहिल्यांदा वाटलं, कुठे नेते? त्या खाली मासे असतील, त्या माशांना खाणारं कोणी असेल. बराच वेळ पान उलटलं नाही.

मग वाटलं, गेलं ते गेलं. आता तरी नीट जगतोय. इथलं काहीही आता वाया जात नाही.

२ मे

भिंगरी चार, मी सहा.

आज तिने ताट ढकललं. पोटात दुखतं म्हणे. काल पण म्हणाली होती. त्यातच आज शाळेतून चिठ्ठी. बाई लिहितात, वर्गात डोकं बाकावर टेकून बसते, विचारलं तर चिडते. माझी भिंगरी आणि बाकावर डोकं टेकून!

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पुस्तक उघडलं. आहे त्यात. बाजारचं गोड, टीव्ही, दिवे, सगळं एकदम सुटलं की पहिले दोन-तीन महिने मूल किरकिरतं, मग सुधारतं. तेव्हा माघार घ्यायची नाही. पोट साफ होत नाही त्यावरही उपाय दिलाय, पाणी वाढवा. उद्यापासून सकाळी उठल्याबरोबर एक पेला जास्त.

१९ मे, रात्री दोन

लेक आली होती, एका रात्रीसाठी. भिंगरीला मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य हे, "बाबा, ही एवढी फिकी का दिसतेय?"

मी म्हटलं, "उन्हात जात नाही हल्ली."

"का जात नाही?"

"नको म्हणते."

"भिंगरी खेळायला नको म्हणते, आणि तुम्हांला ते नीट वाटतं?"

मग जुंपली आमची. ती म्हणाली, तुमच्या पुस्तकापायी पोरीचे हाल चाललेत. मी म्हटलं, तू आईची भाषा बोलतेस. ती म्हणाली, आई असती तर पुस्तक केव्हाच चुलीत घातलं असतं. म्हटलं, खात्री आहे. दोघांनाही हसू आलं आणि भांडण तिथेच राहिलं. पण जाताना दारात थांबून म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून गेलेय, बाबा. ऑगस्टपर्यंत नाही वाट बघणार. ही अशीच राहिली तर जूनमध्येच आत्याकडे."

जूनमध्ये! म्हणजे हातात महिना. तिला पाणी सहा पेल्यांवर नेलं. एक पेला नको म्हणते तेव्हा मी समोर बसतो, संपेपर्यंत. रडली आज. मलाही वाईट वाटलं, पण इथे कच खाल्ली तर ती जाईल.

३ जून

भिंगरी सहा, मी सहा. रात्री तीन वेळा उठली, पोट धरून. पाठ चोळली. मागे वीसपर्यंतची उजळणी घडाघडा म्हणायची, आज बारानंतर अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पुढचे कुठे गेले?"

पुस्तक उघडलं, पण वाचवेना.

१० जून

सकाळी लोणच्याची बरणी उघडेना. मनगटात जोरच नाही. तोंडाला सारखी खिळा चोखल्यासारखी चव. वय झालं म्हणायचं. पण बरणी भिंगरीसमोर हातातून सुटली आणि फुटली याची लाज वाटली. ती म्हणाली, "असू दे आजोबा, माझ्या हातून पण पडतं सगळं."

१४ जून, रात्री

आज लिहायलाच हवं.

दुपारी लंबू आला. एकतीस वर्षांतली बावीस वर्षं आम्ही एका पाळण्यात काढली. त्याच्या दोरावर माझा जीव, माझ्या दोरावर त्याचा. मला ठिपक्या म्हणतो, कारण माझ्या तोंडावर कायम रंगाचे ठिपके. तीन वर्षांनी भेटत होतो. उजवा हात पंजापाशी खाली लोंबलेला, पेला डाव्या हाताने धरतो. म्हटलं, काय रे हे? म्हणाला, "अस्तराची बक्षिसी. खात्याच्या डॉक्टरने सांगितलं, शिसं आहे त्यात. हाडात बसतं, नसा खातं. तुला वाटत होतं आपल्याला दूध कशाला पाजत होते? लाड म्हणून? अरे, त्यांना माहीत होतं! आणि दुधाने काही व्हायचं नव्हतं ते निराळंच."

मी हसलो. खरंच हसलो, कारण मला अजून कळलं नव्हतं. मग मी मोठ्या ऐटीत त्याला मागच्या दारी नेलं, छप्पर दाखवायला.

तो बघतच राहिला. पत्रे, पन्हळ, नळी, पिंप, एकेक करत त्याची नजर खाली आली. पिंपाच्या तोटीपाशी भिंगरी बाटली भरत होती. लंबूने माझा दंड धरला, डाव्या हाताने. "ठिपक्या, ही हे पिते?"

तेव्हा मला कळलं. "किती दिवस?" म्हणाला.  वहीत आहे ना सगळं, पेल्यापेल्याने. पंचवीस मार्चपासून.

तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने आणि लेकीला फोन कर. मी हो म्हटलं. त्याला बस गाठायची होती, जाताना तीनदा वळून म्हणाला, फोन कर.

तो गेल्यावर पन्हळीची नळी करवतीने कापली. आता छपराचं पाणी पिंपात येणार नाही. भिंगरीने विचारलं, का कापली? म्हटलं, नळी खराब झाली. पिंपात दीडशे लिटर आहे. ओतून कुठे देऊ? मातीत ओतलं तर मातीत जाईल. राहू दे तसंच, मग बघू.

फोन केला नाही.

१५ जून, रात्री एक

आजही केला नाही. म्हणजे लेकीचाच आला. "कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे. आज दोन घास जास्त जेवली." हे खोटं होतं. ऐकून तिला किती बरं वाटलं ते आवाजात कळलं.

हिशेब असा केलाय. पाणी आता बंद. नवीन काही आत जाणार नाही. आहे ते हळूहळू निघून जाईल, शरीर टाकतंच ना नको ते? पंधरा दिवस दूध, अंडी, भाज्या. तोंडावर रंग आला की मग शांतपणे सांगेन. आत्ता सांगितलं तर लेक उद्या येऊन तिला घेऊन जाईल, आणि मला पुन्हा कधी तिच्याजवळ उभं करणार नाही. करूही नये. पण मला नको आहे ते.

दवाखान्यात न्यायला हवं, हे मला कळतं. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारेल तेही कळतं.

तिच्या बाटलीत सकाळी मी स्वतः नळाचं पाणी भरलं, ती दात घासत असताना. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर का म्हणून विचारेल, आणि आईला फोनवर पहिलं तेच सांगेल. तिच्या पोटात काही राहत नाही.

१६ जून

तसंच. दूध प्याली. बाटली मीच भरली. दिवसभर तिच्याकडे बघत होतो.

१७ जून, रात्री अकरा, दवाखान्यात

सकाळी बाटली भरून टेबलावर ठेवली आणि वर जाऊन सदरा बदलला. खाली आलो तर मागचं दार उघडं. भिंगरी पिंपापाशी उकिडवी बसलेली. बाटलीतलं पाणी तिने रोपांना ओतलं होतं आणि तोटीतून बाटली भरत होती.

"काय करतेस?" मी केवढ्याने ओरडलो असेन. दचकली. मग मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली, "आजोबा, तू चुकून नळाचं भरतोस. परवा पण भरलंस, काल पण. मी तुला बोलले नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. मी रोज बदलते."

परवा पण. काल पण.

मी तिच्या हातातून बाटली हिसकावली. ती रडायला लागली, मी रागावलो असं वाटून, आणि रडता रडता उलटी झाली. मग उभीच राहवेना तिला. शेजारणीने गाडी काढली.

रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलतात हळू. घरात जुना रंग आहे का, विचारलं. मी छपराचं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे छपराचं. पाणी कधी बंद केलंत? म्हटलं, चौदा तारखेला. नळी कापली ती चौदालाच ना, असं मनाशी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

लेकीला शेजारणीने फोन केला. मी तेवढाही केला नाही.

१८ जून, दवाखान्यात

रक्तातल्या शिशाचा आकडा आला. बासष्ट. पाचाच्या आत हवा म्हणतात. हातात सुई टोचून औषध चालू केलंय, ते शिसं बाहेर काढतं. मेंदूवर किती परिणाम झालाय ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाल्या. माझंही रक्त घेतलं. माझं काय करायचंय?

लेक पहाटे पोचली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हांला माहीत नव्हतं, बाबा. माहीत झाल्या दिवशी तुम्ही बंद केलंत." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी भिंतीकडे बघत बसलो.

दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. कपाळाला आठ्या. म्हणाल्या, पोटाच्या फोटोत आणि तपासणीत असं दिसतंय की काल-परवापर्यंत शिसं पोटात जात होतं. "तुम्ही चौदाला बंद केलंत म्हणता. मग अजून कुठून तरी जातंय. शाळेच्या भिंती, खेळणी, भांडी, सगळं तपासायला पाठवते. ते सापडेपर्यंत हिला घरी सोडणार नाही, आणि आईने बाहेरून येताना एखादं खेळणं आणलं असेल तर तेही तपासायला द्या."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या महिन्यात तिने एक रंगीत लाकडी बैल आणला होता. "तो चावायची ती," म्हणाली. "मीच आणला तो." आणि तोंडावर पदर... नाही, ओढणी घेऊन बाहेर गेली. तिला वाटतंय तिने केलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. परिचारिका आत आली आणि मी मिटलं.

१९ जून, पहाटे सव्वातीन, दवाखान्यात

डॉक्टरीणबाईंनी तक्ता मागितलाय. कोणत्या तारखेपासून, रोज किती पेले, शेवटचा कधी. लेक त्यांना अभिमानाने म्हणाली, "माझे बाबा सगळं लिहून ठेवतात."

वही बरोबर आणली होती, सवयीने. वॉर्डाबाहेरच्या दिव्याखाली बसून एका स्वच्छ कागदावर तक्ता काढला. पंचवीस मार्च, दोन पेले. सहा एप्रिल, चार. तीन मेपासून पाच. एकोणीस मेपासून सहा, त्यातले काही मी समोर बसून पाजलेले, पण ते तक्त्यात येत नाही. शेवटची ओळ चौदा जून. खाली रेघ मारली. कागद छान दिसतो. घडी घालून खिशात ठेवला. त्या कागदामुळे वही कोणाला द्यायची गरज उरत नाही.

इतक्या रात्री जागून काय काय वाचलं मी. माती, झाडं, पाणी, सगळं एकमेकांत कसं गुंतलेलं असतं ते. समासात पेन्सिलीने मोठ्या माणसासारखा वाद घालत होतो. आणि माझ्या पोरीला तीन दिवस विष पिऊ दिलं, तिला जवळ ठेवायचं म्हणून. पहिले पावणेतीन महिने चूक होती. हे तीन दिवस चूक नव्हती.

लेक खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय. हातात तो लाकडी बैल, रुमालात गुंडाळलेला. सकाळी तपासणीला देणार म्हणाली.

आत्ता भिंगरी जागी झाली. पाणी मागितलं. परिचारिकेने पेला आणून दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, हे चालेल ना?"

मी मान हलवली. मगच प्याली, थेंबही न ठेवता, आणि पेला उपडा करून मला दाखवला.

खिशातला कागद फाडला. लेकीला उठवतो. वही तिच्या हातात देतो आणि सांगतो, पंधरा तारखेपासून वाच.